मागचं कार्ड

एका बाईच्या पायावर माझा पाय पडला आणि तोंडातून 'सॉरी' निघून गेलं. डोळ्यांच्या दवाखान्यातली लांबुळकी खोली, दोन्ही भिंतींना लागून खुर्च्या, मधून जायला हातभर वाट, आणि मी हातातली फाइल वाचत चाललेलो. चालताना वाचायची सवय जुनी आहे. बायको म्हणते, एक दिवस वाचत वाचत जिन्यावरून खाली याल. त्या बाईची चप्पल मऊ होती, तिच्यातली बोटं मला बुटाच्या तळातून कळली. 'सॉरी' म्हणताना मी मान वर केली नव्हती. गर्दीत म्हणतात तसं म्हणालो, शिंक आल्यासारखं. बाईने पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि म्हणाली, "असू दे." आणि मी होतो तिथेच उभा राहिलो. 'असू दे' पुष्कळ लोक म्हणतात, पण पहिलं अक्षर जरा लांबवून मग 'दे' हातातलं भांडं हलकेच खाली ठेवावं तसं ठेवून देणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं. नऊ वर्षं टेबलापलीकडून ऐकलेलं 'असू दे' होतं ते. मी पाहिलं. केस सगळे पांढरे झाले होते, हनुवटीखाली कातडी लोंबत होती, आणि डोळे मिटलेले होते, पापण्यांवर कापसाचा बोळा धरलेला. बाहुली मोठी करायचे थेंब घालून त्यांना बसवलं होतं. म्हणजे त्यांनी मला पाहिलं नव्हतं. पहिली गोष्ट जी माझ्या मनात आली ती हीच, आणि जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांनी भेट झाली आणि मला बरं कशाचं वाटलं, तर समोरच्या बाईला दिसत नाही याचं.

रिकामी खुर्ची एकच होती, त्यांच्या शेजारची. मी परत फिरलो असतो, पण काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, बसून घ्या, तुम्हालाही थेंब घालायचेत." मी बसलो. बसलो म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकलो, कोपर लागणार नाही अशा बेताने. फाइल मांडीवर उघडी ठेवून वाचायचं सोंग केलं, आणि त्या फाइलमध्ये माझ्या रक्तदाबाखेरीज काही नव्हतं.

बाई आमच्या कोशाच्या कचेरीत सहायक होत्या. इंग्रजी शब्दांचा कोश, अर्थ आपल्या भाषेत, मी उपसंपादक. रंगाच्या दुकानावर पहिला मजला, दिवसभर टर्पेंटाइनचा वास, आणि भिंतभर लाकडी खण, त्यात कार्डं. एका शब्दाला एक कार्ड, कचेरीतल्या एकाच टाइपरायटरवर टंकलेलं: पुढच्या बाजूला अर्थ, पाठीला व्युत्पत्ती आणि आधार, खाली उजव्या कोपऱ्यात ज्याने कार्ड काढलं त्याची दोन आद्याक्षरं. मुख्य संपादकांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. आप्पांचे दोन नियम होते. कार्ड बदललं तरी जुनं फेकायचं नाही, नव्याच्या पाठीमागे टाचणीने लावून ठेवायचं; त्याला आम्ही 'मागचं कार्ड' म्हणायचो. आणि नवं कार्ड कुणीही लिहो, कोपऱ्यातली आद्याक्षरं पहिल्याचीच राहतील, कारण शब्द ज्याने उघडला त्याचा. हा दुसरा नियम आप्पांनी सहायकांच्या भल्यासाठी केला होता. वरिष्ठ मंडळी दोन शब्द इकडचे तिकडे करून कार्ड आपल्या नावावर घेतात, ते त्यांना खपत नसे. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेला नियम माझ्यासारख्याच्या कसा पथ्यावर पडतो ते पुढे येईलच.

'सॉरी' हा शब्द बाईंनी उघडला होता. त्या वेळी मी हसलो होतो, आठवतं. म्हटलं, बाई, या शब्दाला कोश कशाला लागतो, रस्त्यावरचं पोर धक्का मारून सॉरी म्हणतं. त्या म्हणाल्या, म्हणूनच लागतो. त्यांनी पाच अर्थ दिले होते. वाईट वाटलेला, पस्तावलेला, केविलवाणा किंवा दयनीय, जशी एखाद्या घराची अवस्था, मग उद्गार म्हणून, क्षमा मागताना, आणि पाचवा, नीट ऐकू न आल्यास पुन्हा सांगा म्हणताना. या पाचव्याची मी थट्टा केली होती, तरी तो बरोबर होता. आणि पाठीला बारीक टाइपात व्युत्पत्ती. जुन्या इंग्रजीतल्या 'सार' या शब्दापासून, म्हणजे जखम, अंगावरची दुखरी जागा. शोक या अर्थाच्या 'सॉरो' शब्दाशी नातं नाही. दिसायला सारखे, कूळ वेगळं. खाली आधारग्रंथाचा खंड आणि पान.

मी ते कार्ड हिरव्या पेन्सिलीने तिरकं खोडलं. का खोडलं हे मी पुढे स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगून पाहिलंय. कामाची घाई होती, 'एस'चे खण महिनाअखेर छापखान्यात जायचे होते. आधारग्रंथाचा खंड सर्वांत खालच्या फळीवर होता आणि माझी कंबर धरली होती. हे सगळं खरं आहे, आणि तरी कारण ते नाही. कारण असं की त्या आठवड्यात बाईंनी माझ्या तीन चुका काढल्या होत्या, अगदी हळू आवाजात, चारचौघांत न बोलता, कागदाच्या कपट्यावर पान नंबर लिहून माझ्या बाजूला सरकवून. हळू आवाजातल्या माणसाचा राग जास्त येतो. चौथ्यांदा तसं व्हायला नको होतं. दोन शब्द सख्खे भाऊ दिसत होते; बाळाला पाहायला आलेल्या बायका नाक मामावर गेलंय म्हणतात, तेवढ्याच खात्रीने मी नव्या कार्डावर टंकलं, 'सॉरो म्हणजे शोक, त्यावरून'. खाली नियमाप्रमाणे बाईंची आद्याक्षरं घातली. जुनं कार्ड मागे टाचलं. बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन्ही वाचली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे. तुम्ही म्हणता तर."

"काका, मान मागे करा," थेंब घालणारी मुलगी माझ्या तोंडावर वाकली होती. दोन्ही डोळ्यांत गार थेंब पडले आणि मागोमाग झोंबायला लागलं. डोळे मिटून बसा म्हणाली, मध्ये उघडू नका, चाळीस मिनिटं. कापूस दिला. आता मीही मिटलेलो होतो. शेजारून कापडाला साबणाचा मंद वास येत होता. बाई कचेरीत ओल्या स्पंजवर अंगठा टेकवून कार्डं चाळायच्या, त्याचा चक्-चक् आवाज मला इतका स्पष्ट आठवला, की त्या आत्ताही काही चाळताहेत की काय असं वाटून गेलं. मी ठरवलं, बोलायचं नाही. चाळीस मिनिटं गप्प बसायचं, त्यांचा नंबर आधी लागेल, त्या जातील. गप्प बसणं मला चांगलं जमतं, त्याचा अनुभव आहे.

कोश निघाला आणि तिसऱ्याच आठवड्यात एका प्राध्यापकाने साप्ताहिकात परीक्षण लिहिलं. बाकी सगळं कौतुक होतं, पण शेवटचा परिच्छेद 'सॉरी'वर. या कोशात चेहरा पाहून नाती जुळवतात, असं त्याने लिहिलं होतं. आप्पा तीस वर्षं त्या कोशासाठी झिजले होते. त्यांना ते वाक्य तोंडपाठ झालं. दुसऱ्या दिवशी अकराला सगळ्यांना बोलावलंय असा निरोप आला. मी सकाळी साडेनऊलाच गेलो. शिपाई खाली झाडत होता. खण ओढला, कार्ड शोधलं, मागचं काढायला लागलो तर टाचणी निघेना. एव्हाना गंजली होती. ओढली ती माझ्या अंगठ्याशेजारच्या बोटात गेली. कार्ड खिशात टाकलं, खण लावला आणि खाली जाऊन चहा घेतला. अकराला आप्पांनी सगळ्यांसमोर खण ओढून टेबलावर आणला. कार्ड काढलं, कोपरा पाहिला आणि बाईंकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांचा चेहरा घरातलं कुणी चोरी करताना सापडावं तसा झाला. बाई म्हणाल्या, "हे माझं नाही, आप्पा. माझं वेगळं होतं. मागचं कार्ड काढा." आप्पांनी कार्ड उलटं केलं. मागे काही नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, हे तुमच्या हाताखालून गेलं असेल, मागे काही होतं का? मी म्हणालो, "मला आठवत नाही." मूग गिळून गप्प बसलो असतो तर ते निदान भित्रेपण ठरलं असतं. मी बोललो, आणि तीन शब्दांत काम झालं.

नऊ वर्षं बाई हंगामी होत्या, त्या वर्षी कायम व्हायच्या होत्या. कायम झाल्या नाहीत. तीन महिन्यांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. चुकीपेक्षा बाई खोटं बोलल्या याचं आप्पांना जास्त लागलं होतं. पुढच्या आवृत्तीत व्युत्पत्ती दुरुस्त झाली, ती मीच केली, आणि कोशाच्या सुरुवातीला काम करणाऱ्यांची यादी असते तिच्यातून बाईंचं नाव गळलं. आप्पांच्या मागे मी मुख्य संपादक झालो. मला मानपत्र मिळालं. व्युत्पत्तीवर व्याख्यानं दिली, आणि एकदा भर सभेत 'सॉरी'ची गोष्टसुद्धा सांगितली, की हा शब्द शोकातून आलेला नाही, जखमेतून आलेला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गेलं. हेही सांगायला हवं. लाज सतत वाटत नाही. माणूस जेवतो, झोपतो, विनोदाला हसतो. मग कुणीतरी बसमध्ये धक्का मारून तो शब्द टाकून जातं, की आतून कानापर्यंत तापतो. अशा शब्दाशी वैर घेतलं, जो दिवसातून वीसदा कानावर पडतो, याला काय म्हणावं.

"किती वाजले असतील हो?" शेजारून आवाज आला.

दुसरं कुणी उत्तर देईल म्हणून थांबलो. कुणी दिलं नाही. माझेही डोळे मिटलेले आहेत, दिसत नाही, असं काहीतरी घसा बसल्यासारखं मी बोललो. पंखा फिरत होता. कुणाचा तरी नंबर पुकारला, कुणीतरी उठलं, खुर्ची करकरली.

"घसा कशाला बसवताय, सर," बाई म्हणाल्या. "सॉरी म्हणालात तेव्हाच ओळखलं मी."

मी बरं आहे ना विचारलं, त्यांनी बरं आहे म्हटलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, उजव्याचा पुढच्या महिन्यात. कुरिअरच्या कचेरीत होत्या इतकी वर्षं, पत्ते लिहायचं आणि सापडत नसतील ते शोधायचं काम. आता घरीच असतात. हे सगळं त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. मग विचारलं, कोश कसा आहे, जसं लग्न होऊन गेलेल्या मुलीबद्दल विचारावं. मी सांगितलं, चौथी आवृत्ती निघते आहे. त्या म्हणाल्या, दुसरीत तो शब्द दुरुस्त केलेला त्यांनी वाचनालयात जाऊन पाहिला होता. बरं वाटलं होतं. शब्द नीट बसला म्हणून बरं वाटलं, म्हणाल्या.

डोळे उघडे असते तर मी बोललो नसतो. मिटलेल्या डोळ्यांआड, कापसाच्या ओल्या गोळ्याआड, मला माझा आवाज ऐकू आला. "मागचं कार्ड माझ्याकडे आहे, बाई."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या दिवशी तुम्ही बोट तोंडात धरलं होतं. टाचणी टोचल्याचा लाल ठिपका दिसत होता. आपल्याकडे टाचणी मागच्या कार्डाशिवाय कशाला होती हो?"

सगळ्यांनी ते बोट पाहिलं असणार. टेबलाभोवती नऊ माणसं होती. कळलं एकट्या बाईंना, आणि त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी विचारलं, मग त्याच वेळी का बोलला नाहीत? विचारताना माझ्या आवाजात जवळजवळ राग होता, त्यांनीच माझं नुकसान केल्यासारखा.

"तुम्ही बोलाल असं वाटलं," बाई म्हणाल्या. "तीन महिने वाटत होतं."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. मी घाईघाईने म्हणालो की कार्ड आणून देतो, घरी जपून ठेवलंय. जपून, असा शब्द वापरला मी. त्या उठत होत्या. मला नको, म्हणाल्या, मी काय करू त्याचं, ते त्याच्या जागी लावा. मी डोळे उघडले. सगळं दूध सांडल्यासारखं पांढुरकं, त्यात त्यांची आकृती चाचपडत निघालेली. आधार द्यायला मी हात पुढे केला, तो त्यांच्या कोपराला लागला. "असू दे," त्या म्हणाल्या आणि काउंटरवरच्या मुलीचा हात धरून आत गेल्या.

मी तपासणी न करताच निघालो. मुलगी मागून काका काका करत होती. रस्त्यावर उन्हाने डोळ्यांत सुया घातल्या. वाहनांचे नुसते रंग दिसत होते, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं विरघळलेली. जन्मभर अक्षरांवर जगलेला माणूस मी, आणि एक पाटी वाचता येईना. दोघांना धक्का लागला. दोन्ही वेळा तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. घरी बायकोने दार उघडलं, इतक्या लवकर कसे म्हणाली, मी काही न बोलता बाहेरच्या खोलीतलं मानपत्र भिंतीवरून उतरवायला लागलो. ती स्टूल धरून उभी राहिली. फ्रेमच्या पाठीमागे, पुठ्ठ्याच्या आत, ते कार्ड होतं. तिला ते एकदा साफसफाईत सापडलं होतं तेव्हा मी खूण म्हणून ठेवलंय म्हटलं होतं. आता ती म्हणाली, "खूण मिळाली का?" थट्टा होती की नाही कळलं नाही. चेहरा दिसत नव्हता.

तसाच कचेरीत गेलो. तिथे आता सगळं संगणकावर आहे, पण खण आहेत, आणि बदल आधी कार्डावर करायचा हा नियमही आहे. सध्याची संपादक माझ्याच हाताखाली शिकलेली. ती उभी राहिली, सर, अचानक कसे, चहा सांगते. मी 'एस'चा खण मागवला. तिने तो आणून टेबलावर ठेवला, कार्ड काढलं. मी खिशातलं कार्ड पुढे केलं आणि म्हटलं, डोळ्यांत औषध आहे, वाचून दाखव. तिने वाचलं. पाचही अर्थ. मग उलटं करून: जखम, अंगावरची दुखरी जागा, दिसायला सारखे, कूळ वेगळं. खंड, पान. हिरव्या पेन्सिलीची तिरकी रेघ, हेही तिने सांगितलं, आणि टाचणीच्या भोकाभोवती गंज. "हे तर बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "मग खोडलं कुणी?"

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, साडेनऊपासून अकरापर्यंतचं सगळं, शिपाई झाडत होता तेही, चहा घेतला तेही. मधे चहा आला, तिने खुणेने तो परत पाठवला असावा, कारण कप ठेवल्याचा आवाज आला नाही. पलीकडच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं होतं. मला वाटत होतं, हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही.

तिने टाचण्यांची डबी ओढली. "मागे लावू?" तिने विचारलं. एरवी प्रत्येक वाक्यात असायचा तो 'सर' या वाक्यात नव्हता.

"पुढे लाव," मी म्हटलं. "माझी बाकीची मागे."

तिने लावलं. मग म्हणाली, चौथ्या आवृत्तीतली काम करणाऱ्यांची यादी अजून छापायला गेलेली नाही, नाव पूर्ण कसं लिहायच्या त्या? मी सांगितलं, तिने लिहून घेतलं. त्यांना कळवायला हवं, म्हणाली, आणि पत्ता विचारला. मी पत्ता विचारला नव्हता. इतकी वर्षं लोकांचे हरवलेले पत्ते शोधणाऱ्या बाईचा पत्ता विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पण बोलणं झालं ना तुमचं?" ती म्हणाली. "माफी तरी मागितलीत ना?"

मी सकाळपासूनचं सगळं आठवून पाहिलं, एकेक वाक्य, कार्डं चाळावीत तसं.

"सॉरी म्हणालो एकदा," मी म्हटलं. "त्यांच्या पायावर पाय पडला तेव्हा."